रागिणीच्या स्वभावाचा शास्त्रशुद्ध अभ्यास

५ मे, दुपार
बारावीचा निकाल. रागिणीला चौऱ्याहत्तर टक्के. दुकानात गिऱ्हाईक ठिबकच्या नळ्या बघत होतं, त्यालाही पेढा दिला. नळ्या न घेता पेढा खाऊन गेलं.

अकोल्यातले सगळे बाप आता मेंढरासारखे पळणार. अमक्याचा पोरगा तिकडे गेला, म्हणून आपलाही तिकडे. मी तसं करणार नाही. टाय लावलेल्या एका साहेबांचा व्हिडिओ पाहिला. कॉलेज निवडताना मुलाची आवड आणि पर्सनॅलिटी बघावी, म्हणतात. मला हे आधीपासूनच वाटत होतं, फक्त टाय नव्हता.

उद्यापासून निरीक्षण सुरू. रागिणीला सांगायचं नाही. सांगितलं तर नैसर्गिक वागणार नाही.

ही डायरी शुद्ध मराठीत लिहिणार. बोलताना आपण कसेही बोलतो, पण विचार शुद्धच असतात.

७ मे
निरीक्षण उत्तम चाललं आहे. जेवताना मी करिअर या विषयावर बोललो. वरण थंड होईपर्यंत बोललो. रागिणी एक शब्द बोलली नाही. निष्कर्ष: अत्यंत शांत, लाजाळू. इंग्रजीत इंट्रोव्हर्ट.

चंदाला सांगितलं, तर ती एवढी हसली की गॅस बंद करावा लागला. काय झालं, विचारलं. म्हणाली, "काई नाई. तुमच्यासमोर हायेच शांत पोट्टी." आईला मुलीची पर्सनॅलिटी कळत नाही. फार जवळून बघते ना.

११ मे
आज आवड तपासली. रागिणीला विचारलं, तुला नेमकं काय आवडतं? ती म्हणाली, "बाबा, मले खरं सांगू का, मले..." तिथेच थांबवलं. साहेबांनी सांगितलं आहे, मुलांचं पहिलं उत्तर मैत्रिणींचं असतं. म्हटलं, आठवडाभर विचार कर, मग सांग.

तोवर मी ठरवून टाकलं. बी.एस्सी. कॉम्प्युटर. मुलींचं कॉलेज, आपल्या घरामागच्या रस्त्यावर. कॉम्प्युटरशी बोलावं लागत नाही, म्हणजे स्वभावाला धरून. शिवाय दुपारी जेवायला घरी येता येईल.

शेजारचे कुर्बानभाई भेटले. गादीच्या दुकानासमोर कापूस उन्हात टाकत होते. त्यांची जेबा रागिणीच्याच वर्गातली. जेबासाठी काय अभ्यास केला, विचारलं. म्हणाले, "अभ्यास कायचा सहदेवभाऊ? जेवताना पुसलं, बेटा काय करतं? थे म्हणे फार्मसी. मी म्हणलं, कर." इतका महत्त्वाचा निर्णय, आणि मुलीलाच विचारून मोकळे. वाईट वाटलं.

१८ मे
दर्यापूरला चंदाच्या मामेभावाचं लग्न. ऊन भयंकर. परत येताना काळीपिवळी जीप मिळाली. सीट भरत आल्या होत्या. आमच्याआधीपासून एक म्हातारी बसलेली, इंदूबाई नावाची. मुर्तिजापूरला लेकीकडे निघाली होती. मांडीवर गाठोडं. तेवढ्यात एका कुटुंबाची मोठी पार्टी आली. ड्रायव्हर इंदूबाईला म्हणाला, "आजी, तू उतर वं, मांगच्या गाडीनं ये." मागची गाडी म्हणजे संध्याकाळची.

इंदूबाई उतरली. गाठोडं घेऊन उन्हात उभी राहिली. जीपमध्ये सगळी मोठी माणसं. मी डोळे मिटून परिस्थितीचा अंदाज घेत होतो.

डोळे उघडले तर रागिणी जीपच्या पुढे उभी. बॉनेटवर हात ठेवून. ड्रायव्हरला म्हणते, "आजी पयले बसली होती नं? मंग थे काहून उतरन? चालव आता गाडी, मी अथीच हावो." ड्रायव्हर ओरडला. ही ओरडली नाही. तेच तेच म्हणत राहिली, शांतपणे. शेवटी त्या पार्टीतलेच एक गृहस्थ म्हणाले, "जाऊ दे बावा, आमी मांगून येतो." इंदूबाई परत बसली. रागिणीच्या तोंडावरून हात फिरवला.

लाजाळू माणसालाही उन्हाचा त्रास होतो, त्यातून असे प्रकार घडतात. घरी आल्यावर तिला कैरीचं पन्हं द्यायला सांगितलं. चंदा म्हणाली, "तुमीच प्या."

१ जून
मुलींच्या कॉलेजात गेलो. प्राध्यापक भला माणूस. त्यांनी रागिणीला विचारलं, कॉम्प्युटर का घ्यायचं आहे? ती घाबरू नये म्हणून मी उत्तर दिलं. त्यांनी विचारलं, आणखी काय आवडतं? तेही मीच सांगितलं. रागिणी खिडकीबाहेर बघत होती. एकाग्रता चांगली आहे.

शेवटी प्राध्यापक म्हणाले, "साहेब, आता मुलीला बोलू द्या." रागिणी म्हणाली, "सर, तुमचं कॉलेज चांगलं आहे. पण मला इथे यायचं नाही."

प्राध्यापक हसले. मीही हसलो. विनोदबुद्धी! हा गुण निरीक्षणातून सुटला होता.

३ जून, संध्याकाळ
विनोद नव्हता.

चंदाने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "बसा. आज तुमी बोलू नका." रागिणी समोर बसली. म्हणाली, तिला वकील व्हायचं आहे. अमरावतीला. पाच वर्षांचा लॉ कोर्स. एन्ट्रन्ससुद्धा दिली आहे, मार्क चांगले आहेत.

मी विचारलं, एन्ट्रन्स कधी दिली?

"एप्रिलमंदी. तुमीच तं सोडून देल्लं होतं गाडीवर."

आठवलं. सीईटी आहे म्हणाली होती. सीईटी म्हणजे सीईटी. मी गेटवर बेस्ट लक केलं होतं. उसाचा रसही पाजला होता.

"मंग कायची हाय ते सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं होतं बाबा. तुमी सिग्नलवर त्या ट्रकवाल्याले शिकवून राहिले होते."

मी समजावलं. वकिलाला कोर्टात बोलावं लागतं. भर सभेत. तुझा स्वभाव इंट्रोव्हर्ट. त्यावर ती बोलायला लागली. माझ्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर. घरापासून लांब? अमरावती दोन तासांवर आहे, आणि जेबाही तिथेच फार्मसीला चालली. हॉस्टेलचं जेवण? तिने आठवडाभर फक्त मॅगीवर राहून दाखवायची तयारी ठेवली. वकिलांची गर्दी फार? बी.एस्सी. कॉम्प्युटरवाल्यांची कमी आहे का? मुलीला सगळे मुद्दे मांडू देणं हे मोठेपणाचं लक्षण आहे. तरीही राग आला. मी म्हणालो, मी परवानगी देणार नाही. ती म्हणाली, "नका देऊ. पन एकदा तरी आइका." आणि आत गेली. तिचे डोळे भरले होते. माझ्या चष्म्यावर वाफ होती, नक्की दिसलं नाही.

उद्यापासून मौनव्रत. माझ्या शांततेचा परिणाम होईल.

४ जून
मौन सुरू. सकाळी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी चंदा फोनवर बहिणीला सांगत होती, आज घरात कसं बरं वाटून राहिलं.

कुर्बानभाई आले. मी बोलत नाही पाहून त्यांना वाटलं, दाढ दुखते. बायकोकडून, रजियाबीकडून, लवंगेचं तेल घेऊन आले. नको म्हणायला बोलावं लागलं असतं. लावून घेतलं. तोंड बधिर झालं.

संध्याकाळी भाजीत मीठ कमी होतं. बोललो. व्रत अर्धवट राहिलं, पण संदेश पोचला.

८ जून
संदेश पोचला नाही.

कुर्बानभाईंनी आज आपल्या ओट्यावर चहाला बोलावलं आणि म्हणाले, "सहदेवभाऊ, पोरगी झगडून नाई राहिली. सांगून राहिली. तुमाले झगडा वाटते, कारन तुमी आइकतच नाई नं." माझे इतके जुने शेजारी. मी चहा अर्धवट ठेवून उठलो. मग परत बसलो. चहा त्यांनीच पाजला होता.

२९ जुलै, अमरावती
परवानगी दिली. कोणी मागत नव्हतं, तरी दिली. लॉ कॉलेजच्या प्रवेश यादीत तिचं नाव लागलं आहे. मात्र कॉलेज तिच्या पर्सनॅलिटीला साजतं की नाही, हे मी स्वतः तपासणार, असं जाहीर केलं. रागिणी म्हणाली, "चला नं बाबा." एवढ्या लवकर हो म्हणेल असं वाटलं नव्हतं.

आलो. गेटवरच्या वॉचमनला विचारलं, इथे कोणत्या स्वभावाची मुलं असतात? तो म्हणाला, "उशिरा येनारे." नोंद घेतली.

नव्या मुलांना आणि पालकांना हॉलमध्ये बसवलं. एक म्हाताऱ्या मॅडम, काळा कोट, आवाज खणखणीत. एकेका विद्यार्थ्याला उभं करून विचारत होत्या, वकील का व्हायचं आहे? कुणी म्हणे जज होणार, कुणी म्हणे वडील वकील आहेत. मी रागिणीसाठी मनात उत्तर तयार केलं. तिच्याकडे खूण करत होतो, तेवढ्यात ती उठली.

तिने जीपची गोष्ट सांगितली. दर्यापूरची. इंदूबाईची. गाठोड्याचीसुद्धा. मग म्हणाली, "मॅडम, जीपमध्ये सगळे मोठे बसलेले होते. सगळ्यांना माहीत होतं, चूक काय आहे. पण कोणीच बोललं नाही. माझे बाबाही होते. ते चांगले आहेत, पण डोळे मिटून बसले होते. मला कळेना, बोलायला कोणाची परवानगी लागते. म्हणून शिकायचं आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बाकीच्या पालकांनीही. मी उठून सांगणार होतो की मी परिस्थितीचा अंदाज घेत होतो. उठलो नाही. पंखा फार जोरात होता, ऐकू गेलं नसतं.

बाहेर आल्यावर रागिणी म्हणाली, "राग आला का बाबा?" मी म्हणालो, नाही, भाषण चांगलं होतं, पण हात खिशाबाहेर ठेवत जा. तिने माझा हात धरला. लहानपणी बाजारात धरायची, त्यानंतर आजच.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, पोरगी कुठे? सांगितलं, लॉला टाकली. तिचा स्वभाव पाहून मीच ठरवलं.

१६ ऑगस्ट
रागिणी हॉस्टेलवर गेली. खोलीत सामान फार नव्हतं, तरी खोली रिकामी झाली. चंदाशी रोज फोनवर बोलते, हसते. फोन माझ्याकडे आला की जेवलीस का, हो. पाऊस आहे का, हो. नेट पॅक टाकू का, हो. संपलं.

ठरवलं. पुढच्या वेळी सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचं.

२४ ऑगस्ट, संध्याकाळ
आज ऐकलं. रागिणी मूट कोर्टबद्दल, म्हणजे सरावाच्या खोट्या खटल्याबद्दल बोलली, खोलीतल्या मेळघाटच्या धारणी गावच्या मुलीबद्दल बोलली, मेसच्या पातळ वरणाबद्दल बोलली. मी मध्ये बोललो नाही. एकदाच बोललो, वरणाबद्दल. बाकी ऐकलं. अभ्यास पूर्ण झाला असं वाटलं. चंदाकडे बघून मान डोलावली.

मग रागिणी म्हणाली, "बाबा, आमी पोरी काल बोलून राहिलो होतो. आपल्या बाबाले काय शिकाचं होतं म्हनून. मले सांगताच नाई आलं. तुमाले काय आवडत होतं बारावीनंतर? दुकानाच्या पयले?"

मी हॅलो हॅलो म्हणालो. आवाज येत नव्हता. ती म्हणाली, "मले येऊन राहिला तुमचा आवाज. सांगा नं." मी परत हॅलो म्हणालो. नेटवर्क खराब असताना उगाच ओढत बसू नये. फोन ठेवला.

उद्या नीट सांगू, असं ठरवलं. मुद्दे काढायला बसलो. आवड. स्वभाव. काय काय येतं त्यात, आठवत बसलो.

चंदा शेंगा सोलत होती. तिने टीव्हीचा आवाज बंद केला. ताट बाजूला सारून समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मलेबी मालूम नाई. सांगा नं."

मी म्हणालो, दुकानाचं शटर नीट लावलं की नाही, पाहून येतो.

लावलेलंच होतं. तरी तिथे थोडा वेळ उभा राहिलो.