पांडाचं गोत्र

घाटंजी, शुक्रवार, ५ फेब्रुवारी १९६५

कुसुमचं जमलेलं लग्न गोत्रावर अडलं, तेव्हापासून जपातही लक्ष लागत नाही. आमचं गोत्र काश्यप. उमरखेडच्या मुलाच्या घरी गोत्र कोणालाच ठाऊक नाही, म्हणून भटजींनी रिवाजाप्रमाणे त्यांचंही काश्यपच लिहिलं. आणि वर तेच म्हणाले, "सगोत्र झालं, जमत नाही!" लेकीच्या मनातला मुलगा असा सोडायचा?

आज यांनी मागून आणलेल्या मासिकातलं पांडाबद्दल वाचून दाखवलं. चीनमधला काळापांढरा, बांबू खाणारा प्राणी. काही शास्त्रज्ञ त्याला अस्वलाच्या कुळात घालतात, काही रॅकून नावाच्या दुसऱ्याच प्राण्याच्या. कित्येक वर्षं दात नि हाडं तपासून राह्यले, तरी एकमत नाही. मला कौतुक वाटलं. ठाऊक नाही तर तसं सांगतात तरी!

संध्याकाळी भटजी आले. मी विचारलं, "पांडाचं कूळ ठरत नाही म्हणे. मग त्याचं गोत्र कोणतं?"

"ठाऊक नसेल तर काश्यप," पंचांगातून मान वर न करता भटजी म्हणाले.

"म्हणजे आमचाच गोत्रज. मग चीनमध्ये पांडा मेला की आम्ही इथे सुतक धरायचं का?"

हे इतके हसले की बशीतला चहा सांडला. "काहून छळतेस त्यांना?" भटजींनी पंचांग मिटलं. शेवटी म्हणाले, "वहिनी, मुलाचं गोत्र अज्ञात असं लिहितो. बोलवा त्यांना."

उद्याच उमरखेडला पत्र टाकते. पांडाचं नाव मात्र त्यात काढायचं नाही. विहीण कशी मिळणार, ते वरमाईला लग्नाआधी कशाला कळायला हवं?