रतनचं पहिलं माप

राजूर,
२८ मे १९७१

चि. श्रीमंत यास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोमवारच्या गाडीने तुझ्या लेकीला घेऊन येतो. वर्षभर आमच्याजवळ राहिली, पण रतन आता काय बोलते, काय सांगू! परवा बियाण्याचं भात मोजत होतो, तर ही राशीपाशी बसून माझ्या आधीच मोजते. पहिल्या मापाला एक न म्हणता आपल्या रीतीनं लाभ, मग दोन, तीन, थेट वीसपर्यंत! मी चुकलो तर म्हणते, आज्या, ध्यान कुठंय तुझं. दिवसभर हे का आणि ते कसं. दुसरी शिकलेला मी, कुठवर पुरणार?

बालवाडीच्या बाई घेतील ना रे तिला? नीट वेणी घालून ने. आम्हा म्हाताऱ्यांवरची माया पत्रातून कळू दे.

दादा

अहमदनगर,
१५ जून १९७१

ती. दादांच्या चरणी श्रीमंतचा शि. सा. नमस्कार.

बाईंनी रतनला मणी मोजायला दिले. ती लाभ, दोन, तीन म्हणू लागली. बाईंनी विचारलं, एक कुठे गेला? ही ऐकेना. पोरं हसली. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी आणा. घरी येऊन मीही चिडलो. तेव्हापासून ती मोजत नाही, काही विचारत नाही, नुसती दारात बसते. तिच्या आईच्या डोळ्यांना खळ नाही. काय करू, लवकर कळवावे.

आपला श्रीमंत

राजूर,
१९ जून १९७१

चि. श्रीमंत यास आशीर्वाद.

पत्र घरात मोठ्यानं वाचलं. तुझी आई म्हणाली, अर्धंच कसं शिकवलंत? खरंय रे. धान्य सोडून दुसरं काही तिच्यासोबत मोजलंच नाही!

आता ऐक. रागावू नको, शिकवायलाही बसू नको. कामावरून आलास की तिच्याजवळ बसून मोठ्याने चिंचोके मोज आणि मधला एखादा आकडा गाळ. तिला चूक सोसत नाही. लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

दादा

अहमदनगर,
२८ जून १९७१

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

दादा, जमलं! पहिल्या दिवशी तिनं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी पाच गाळला, तशी दारातून ओरडत आली, अप्पा, पाच खाल्लास का! चिंचोके हिसकावून स्वतःच मोजू लागली. मी सांगितलं, धान्याला लाभ, बाकी सगळ्याला एक. थोडा विचार करून म्हणाली, मग मी पण एक!

बाईंनी पुन्हा मोजायला लावलं, हसल्या आणि घेतलं तिला.

काल एसटीच्या डेपोतून दमून आलो, तर दारातच अडवून विचारलं, यष्टी कशानं चालते? म्हटलं, डिझेलनं. मग डिझेल कशानं चालतं? नववी शिकलेला मी, मीही कुठवर पुरणार? शेवटी ताट झाकून ठेवलं आणि इंजिन बघायला आम्ही दोघं परत डेपोत गेलो.

आईस नमस्कार. आपली माया अशीच राहो.

आपला श्रीमंत