दात्याचं नाव: पाडा

मसोली, डहाणू
रविवार दुपार

प्रिय मुकेश,

तुझ्या बालवाडीच्या करमाफीच्या नोंदणीचा निकाल आलाय. काय लागला ते शेवटी सांगते, आधी माझं ऐकून घे. फोन केला असता तर निकाल ऐकून तू नुसतं "बरं" म्हणाला असतास आणि फोन ठेवला असतास. तुझं मला ठाऊक आहे.

थकले रे मी. एप्रिलपासून आयकराचा नवा कायदा लागू झाला आणि इतक्या वर्षांच्या करसल्लागारीत पाठ झालेली कलमं रद्दीत गेली. आता 'आकारणी वर्ष' म्हणायचं नाही, 'कर वर्ष' म्हणायचं. आमचा चिकूचा व्यापारी म्हणतो, निर्मलाबेन, वर्षाला काहीही म्हणा, भरायचं तर आम्हालाच ना! स्टेशनजवळचे गाळेवाले काका वेगळेच. भाडं मी घेतो, मग त्यावरचा जीएसटी भाडेकरू का भरतो, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. तुमची नोंदणी नाही, त्याची आहे, म्हणून तो भरतो, असं दोनदा समजावलं, तर तिसऱ्या दिवशी काकूंना घेऊन आले आणि म्हणाले, आता हिला सांगा. बोल! बदललेले नियम मी साध्या मराठीत लिहून ग्रुपवर टाकते. उत्तरादाखल गुलाबाची फुलं येतात. गिऱ्हाइकांना वाटतं नियम मीच बदलते. चष्म्याचा नंबर वाढलाय, मान धरते, आणि आई गेल्यापासून घरी आल्यावर कुणावर चिडायचीही सोय राहिली नाही.

आईच्या आजारपणात मी दवाखान्यात अडकले आणि तू नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज स्वतःच भरलास, तिथेच घोळ झाला. तुमच्या पाड्याची रीत मला माहीत आहे. नवं भात आलं की जो तो आपापलं सूपभर बालवाडीच्या कणगीत ओतून जातो. कोणी किती ओतलं ते बघायचं नाही, विचारायचं तर त्याहून नाही. पण फॉर्मला रीतभात कळत नाही, बाबा. आणि तू काय लिहिलंस? दात्याचं नाव: पाडा. पत्ता: डोंगराच्या अलीकडे. ओळखपत्र क्रमांक: विचारला नाही. ते वाचून मी दवाखान्याच्या बाकावर हसले आणि मग डोक्याला हात लावला. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात, हीच तर पंचाईत.

अपेक्षेप्रमाणे नोटीस आली. नाव नाही म्हणजे दान निनावी, त्यावर जादा कर, आणि खुलासा पटला नाही तर नोंदणीच जाणार. नोंदणी गेली की शिक्षिकेचा पगार देणारी वापीची कंपनी हात आखडणार, म्हणजे बालवाडीला कुलूप. तुझा आवाज तेव्हा इतका बसला होता की मला तो ऐकवेना. तुझी सरिता गेली तेव्हाही तू असाच बोलत होतास. त्या बालवाडीत तिचा किती जीव होता ते मी पाहिलंय. तुमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा तिने मला आग्रह करकरून वाढलं होतं. मी मात्र बोर्डीच्या कॉलेजातले आपले दिवस आठवत बसले होते. चांगली होती रे. तिच्यावर राग धरायला मला कधी जमलंच नाही.

नावं घ्यायला मी पाड्यावर आले तो दिवस आठवतो ना? सुकऱ्याबाबांनी मला ओट्यावर बसवून कोरा चहा पाजला आणि गोडीत सांगितलं, बाई, नाव सांगून दिलं तर ती विक्री झाली. कपाळ! परतीच्या गाडीत बसल्यावर मला सुचलं की हे मुळात दान नाहीच. आपल्याच पोरांच्या दुपारच्या जेवणासाठी आईबापांनी एकत्र ठेवलेलं ते भात आहे, संस्था फक्त कणगी सांभाळते. खुलाशात मी तेच लिहिलं. अडली फक्त रखमी. तिला पोर नाही, तरी ती दरवर्षी ओततेच, म्हणजे तिचं दानच झालं. तुला वाटलं ती कधीच नाव देणार नाही. पण ती स्वतःहून तुझ्यासोबत डहाणूला आली, अंगठा पुढे केला आणि म्हणाली, लिही गं, माझ्या घरचं कोण खाणारं नाही, नाव तरी राहू दे. सगळ्या पाड्यात कागदावर दाता एकटी रखमी. ती गेल्यावर मी दार लावून रडले. तुला तेव्हा सांगितलं नाही.

तर निकाल असा की नोंदणी मिळाली. शिवाय नव्या नियमाने तुमच्यासारख्या लहान संस्थांना पाचाऐवजी दहा वर्षांची मिळते. पेढे वाट. आदेश वाचून मला आनंद झाला, आणि मग लक्षात आलं. आता दहा वर्षं तुला इकडे यायला कारण उरलं नाही. दरवर्षीचं रिटर्न आहे, पण त्याचा ओटीपी फोनवर सांगितला की भागतं. कित्येक वर्षं भागतंय, मुकेश. तरी तू दर सप्टेंबरात दोन गाड्या बदलून येत राहिलास आणि कशाला आलास, असं मी कधी विचारलं नाही. तू येणार म्हणून मी वर्ष ढकलायचे, हे लिहायला आता या वयात मला लाज वाटत नाही. एवढं सांगायलाच हे पत्र. काम नसताना ये. लोक बोलतील, बोलू देत. आजवर तुला पाठवलेल्या प्रत्येक कागदाखाली मी 'आपली विश्वासू' लिहिलं. ते आता पुरे झालं.

तुझीच,
निर्मला