बारा शब्दांचा चौकोन

प्रिय आत्या,

मी मोठ्या ऑफिसात मोठं काम करते, असं तुझं शेजारच्या काकूंना एव्हाना सांगूनही झालं असेल. तर आता खरं ऐक. धोरणांवर संशोधन करणाऱ्या या संस्थेच्या संवाद विभागात मी इंटर्न आहे. इथे संवाद म्हणजे आम्ही दिवसभर एकमेकांशी बोलतो. बाहेरच्या कुणाशी बोलायची पद्धत नाही.

सध्या विषय आहे शहरातली बससेवा. चौदा विद्वान त्यावर डोकं लढवताहेत, आणि खाली त्यांच्या गाड्या लावायला जागा पुरत नाही. बसने येणारी मी एकटीच, म्हणून बस आतून कशी असते ते मला कौतुकाने विचारतात. माझ्या साहेबांना मी मनातल्या मनात रंगराव म्हणते. अहवालाच्या मुखपृष्ठाला कुठला निळा रंग द्यायचा यावर त्यांनी अख्खी सकाळ घालवली होती, आणि शेवटी पहिलाच निवडला. आपण 'पाहुणे' म्हणतो तसं ते 'लोक' म्हणतात. येऊ नयेत, पण आलेच तर हसून बघायचं!

अहवाल सांगतो की पहाटेच्या बस वर्षभर प्रयोग म्हणून बंद ठेवल्या आणि प्रवाशांनी जुळवून घेतलं. कुणी घेतलं, हे विचारायचं नसतं. प्रत्येक निष्कर्षासोबत एक निळा चौकोन छापतात. त्यात सामान्य माणसाचं बोलणं, जास्तीत जास्त बारा शब्द. या निष्कर्षाला माणूसच मिळाला नव्हता. रंगरावांनी फर्मान काढलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत एखादी बाई शोध, कष्टकरी असली तर उत्तम. जशी काही बाजारातून कोथिंबीर आणायची होती.

म्हणून त्या दिवशी मी तुला फोन केला होता. तुला वाटलं, पोरीला आठवण आली. संस्थेच्या कामासाठी रेकॉर्ड करतेय म्हटल्यावर तू घसा साफ केलास आणि वीस मिनिटं अगदी नीट बोललीस. हॉस्पिटलातल्या सफाईच्या पाळीला आता पाऊण तास चालत जातेस. सवय झाली, तक्रार काही नाही, पण गुडघे सुजतात. पण हॉस्पिटलच्या भिंतीकडच्या रस्त्यावर दिवे नाहीत. पण तुझ्याबरोबरच्या दोघींनी त्या रस्त्याच्या भीतीने काम सोडलं. तुझ्या प्रत्येक वाक्याला एक 'पण' होता.

मी बोटांवर मोजून लिहिलं: 'पहाटेची बस बंद झाली, मग चालायची सवय झाली. माझी काही तक्रार नाही.' खाली 'एक सफाई कामगार'. बरोबर बारा शब्द. रंगरावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी इतकी फुशारले की त्यांच्यासाठी चहा आणायला स्वतःहून उठले. त्या चौदा जणांना नावं ठेवताना मला ही पंधरावी दिसलीच नाही. किळस येते मला माझी.

तो चौकोन आता बस कायमची बंद करायच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर आहे. काढा म्हटलं, तर रंगराव म्हणाले, छापून झालंय. तुझं पूर्ण रेकॉर्डिंग घेऊन मी परिवहन कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, आवाज चालत नाही, माणूस समोर लागतो. गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे आणि त्याच दिवशी निर्णय. आत्या, तुला सुट्टी मिळणं सोपं नाही हे ठाऊक आहे, तरी ये. मला माफ करायला नको, नुसती ये. मी नऊ वाजता तुझ्या दारात असेन. सुनावणीत आधी मी उभी राहीन आणि सांगेन की हिचं बोलणं तोडणारी मी. त्यानंतर संस्थेत मला कुणी ठेवणार नाही, ते बरंच होईल. मग तू बोल, सगळ्या 'पण'सकट, कितीही शब्दांत.

तुझीच,
तुला न विचारता तुझं तोंड बंद करणारी भाची