जुन्या धुळ्यात पाणी मागताना

धुळे,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५५

प्रिय तानू,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या आरंभी ‘चि. सौ.’ घालण्याचा माझा परिपाठ तुला ठाऊक आहे. आज तो मोडून ‘प्रिय’ लिहिले आहे. तुझे पत्र मी दोन वेळा वाचले. पहिल्या वेळी मला राग आला, दुसऱ्या वेळी अधिक आला. ‘आबा, या वयात तुम्ही जुन्या धुळ्यात बायको शोधत फिरता असे आमच्या मेहरूण गावभर झाले आहे, मी तोंड कोठे लपवू?’ असे पोटच्या मुलीने बापास लिहावे, हे मी जकात नाक्यावर नोकरी करीत असताना कोणी सांगितले असते तर मी त्याची गाडी अडवून ठेवली असती.

मला जुन्या धुळ्यात कोणी पाठविले, हे तू विसरलीस काय? तूच लिहिलेस की, तुझ्या कुंदास सोळावे लागले, अभिमनभाऊंच्या हिलालचे स्थळ आले आहे, मुलगा कापसाच्या जिनात वजनकाट्यावर बसतो, तरी आबांनी त्यांच्या गल्लीत जाऊन चौकशी करावी. आता चौकशीची आपल्याकडची रीत अशी की, मुलाच्या घरी सरळ जायचे नाही. शेजारीपाजारी पाणी मागायचे, पाण्याबरोबर घराची वार्ता घ्यायची आणि सर्व समजेपर्यंत आपल्या मुलीचे नाव उच्चारायचे नाही. ती रीत मी काटेकोर पाळली. जे झाले ते ती पाळल्यामुळेच झाले.

प्रथम त्या वस्तीविषयी लिहितो. माझा जन्म याच गावचा, परंतु पेठेतला. आपल्या गल्ल्या साहेबाने दोरी लावून आखलेल्या. एका टोकास उभे राहिले की दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो. सारे गाव माझ्या नाक्यावरून गेले, कापूस गेला, मिरची गेली, वऱ्हाडे गेली, पण मी मात्र गावात कधी गेलो नाही. जुन्या धुळ्यातली गल्ली ही गल्ली नसून कोणाचा तरी राग आहे. ती मध्येच वळते, अरुंद होते आणि एखाद्याच्या गोठ्यात जाऊन संपते. तेथून म्हशीची क्षमा मागून परत फिरावे लागते. वाट विचारावी तर, ‘निंबापासून वळा, आबा.’ मी निंब शोधत तेल्याच्या घाण्यापर्यंत गेलो, नदीच्या बाजूने भोयांची जाळी वाळत होती तेथपर्यंत गेलो. शेवटी कळले की तो निंब प्लेगच्या साली तोडला. मी त्या गृहस्थास म्हटले, ‘मग निंब सांगता कशाला?’ तो म्हणाला, ‘बठ्ठासले माहीत शे ना.’ सर्वांना माहीत आहे म्हणून! यावर सुशिक्षित मनुष्याने काय बोलावे?

तरी मी घरे पाहिली. जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, धाब्याची छपरे, ओट्यावर बसून कापसातल्या सरक्या काढणाऱ्या बायका. एका घराच्या चौकटीवर इतके सुंदर मोर कोरलेले की, मी उभा राहिलो तो मागून बैलगाडीवाला ओरडेपर्यंत हललो नाही. तुझ्या आईला हे दाखवावयास हवे होते असे मनात आले. ती जाऊन आता सात वर्षे होतील, आणि गाव तर पायाखालीच होते.

अभिमनभाऊंच्या गल्लीत मी बेबाबाई नावाच्या बाईकडे पाणी मागितले. माझा काळा कोट घासलेला, फेटा धुतलेला, जोडे पुसलेले. नातीच्या सोयरिकीस माणसाने काय भिकाऱ्यासारखे जावे? तिने विचारले, कोनाकरता चौकशी करतस? मी रीतीप्रमाणे उत्तर दिले नाही. मग तिने विचारले, घरात कोण आहे? मी म्हटले, मी एकटाच. एवढ्यावरून त्या बाईने जे समजायचे ते समजून घेतले. दुसऱ्या दिवशी मी गल्लीत शिरतो तो ओट्यावरून आवाज, ‘देखा वं, नवरदेव उना!’ दुसरी म्हणते, ‘आबा, पानी पेवाले येतस का नवरी देखाले?’ त्या बोलल्या तसेच लिहीत आहे, शुद्ध करीत नाही. मी चालण्याचा वेग वाढविला नाही, कारण तसे करणे म्हणजे कबुली झाली असती. या बेबाबाईची बहीण तुमच्या मेहरूणात दिलेली आहे हे मला तुझ्या पत्रावरून कळले. टपाल खात्याने त्या दोघी बहिणींस नोकरीस ठेवावे.

अभिमनभाऊंच्या दारासमोर वच्छलाबाई राहतात. वय पन्नाशीचे, विधवा, मूलबाळ नाही, पुतण्याच्या घरात मागची एक खोली. त्यांनी मला पाणी दिले आणि मी चौकशी सुरू करताच म्हणाल्या, ‘ज्यानं घर देखनं शे त्याना घर जा, आबा. मनाकडे पानी शे, चुगल्या नही शेत.’ माझा असा अपमान कोणी केला नव्हता. वर माझ्या कोटाकडे पाहून म्हणतात, ‘काया कोटले धवया दोरा? हाई बटन कोनी लावं?’ मीच लावले होते. मी पाण्याचे भांडे ठेवून निघालो, आणि वाटेत, कोणी पाहत नाही असे पाहून, ते बटण पाहिले. दोरा खरोखर पांढरा होता.

पुन्हा त्या घरी पाय ठेवायचा नाही असे ठरवून मी दोन दिवसांनी पुन्हा गेलो. चौकशी अपुरी होती, म्हणून जावे लागले. पुढे त्यांच्या दाराशी जाण्यास घाण्याकडून एक जवळची वाट आहे असे कळले, ती खरी की खोटी हे पाहण्यास गेलो. नंतर अभिमनभाऊंचे धाबे गळके आहे काय हे पाहावयाचे होते. ते समोरच्या ओट्यावरून नीट दिसते. तू म्हणशील, फाल्गुनात धाबे गळते की नाही हे कसे दिसणार? वच्छलाबाईंनीही हेच विचारले. मी म्हटले, भिंतीवरच्या ओघळांवरून दिसते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आत जाऊन पाण्याबरोबर गुळाचा खडा आणला.

त्या दिवशी मी रीत मोडली व कुंदाचे नाव सांगितले. ती चौथी पास आहे, लहानपणी माझ्या नाक्यावर येऊन पावत्यांवर बैल काढीत असे, हेही सांगितले. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हे पहिलेच सांगतस तं? पोऱ्या चांगला शे. सासू तोंडनी कडू, पन हातनी गोड. तुमनी नात उपाशी राहाव नही.’ तेव्हा स्थळ चांगले आहे, हे मी तुला या ठिकाणी जबाबदारीने कळवितो. बाकी गल्लीने चार तोंडांनी सांगितले त्यापेक्षा या दोन वाक्यांवर माझा भरवसा आहे.

एवढे झाल्यावर पत्र संपावयास हवे होते. परंतु काल सकाळी अभिमनभाऊ स्वतः पेठेत माझ्याकडे आले. बेबाबाईची वार्ता त्यांच्या कानी गेलीच होती. मनुष्य सरळ आहे. ओट्यावर बसून म्हणाले, ‘आबा, मुलगी आम्हाला पसंत आहे. पण आमच्या घराण्यात विधवेशी पाट चालत नाही, आणि ज्या घरचा आजा साठी उलटल्यावर पाट लावतो तेथे सोयरीक केली तर भाऊबंद हसतील. गल्लीत बोलतात ते खोटे आहे एवढे तुमच्या तोंडून ऐकू द्या. पाडव्याला सुपारी फोडू.’ तानू, ‘खोटे’ या एका शब्दाचे काम होते. महिनाभर मी तोच शब्द मनात घोळवीत, दात खात त्या गल्ल्यांतून चाललो होतो. तुझ्या पत्रावर संतापलो तोही त्याच शब्दाच्या बळावर. आणि काल तो मला उच्चारता आला नाही. मी म्हटले, ‘पाडव्याच्या आत सांगतो.’ अभिमनभाऊंनी माझ्याकडे पाहिले, चहा तसाच ठेवला आणि ते निघून गेले.

म्हणून हे पत्र. वच्छलाबाईंस मी काहीही विचारलेले नाही. त्या कदाचित मला दारातूनच परत पाठवतील, त्यांचा स्वभाव तसा आहे. पण तुझ्याआधी त्यांना विचारणे मला योग्य वाटले नाही, आणि कुंदाच्या आड येणे तर मुळीच नाही. तू नीट विचार कर. घाई करू नकोस, मात्र पाडव्यापूर्वी उत्तर पोहोचेल असे टाक. तू ‘खोटे’ असे लिहिलेस तर मी त्याच दिवशी अभिमनभाऊंकडे जाऊन, वच्छलाबाईंच्या दाराकडे न पाहता, खोटे असे सांगेन. मी आजवर खोटे बोललेलो नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे एकदा सांगितल्यावर ते मला तसेच करून दाखवावे लागेल, आणि मी दाखवीन. तू दुसरे काही लिहिलेस तर काय करायचे, ते मला अद्याप ठाऊक नाही. जावईबापूंस हे पत्र दाखवावे की नाही, तेही तूच ठरव.

तुझाच,
आबा