पप्पांच्या चपला

नोएल,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे फ्रिजला चिकटवून जाते. पप्पांना घेऊन मढला ऑलिव्ह मावशीकडे निघाले आहे, काम थांबेपर्यंत ते तिथेच राहतील.

दुपारी ते पुन्हा घरातून निघून गेले. गल्लीतल्या दगडी क्रॉसजवळ सापडले. आपल्या घरातल्या फोडलेल्या लाद्यांच्या गोणी तिथे ठेवल्यात ना, त्यातल्या दोन लाल लाद्या काढून त्यांनी जमिनीवर मांडल्या होत्या आणि त्यांच्यावर अनवाणी पाय टेकून गोणीवर निवांत बसले होते. मला म्हणाले, "टिना, उन्हात कशाला फिरतेस? घरात ये ना."

काम सुरू झाल्यापासून ते मला "मॅडम" म्हणत होते. तू म्हणालास, विसरतात ते, त्याचा लाद्यांशी काय संबंध? मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून मी बघत राहिले. नव्या लादीवर ते चपला काढतच नाहीत. पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेला बसतात आणि संध्याकाळ झाली की घरी सोडा म्हणतात. ते घसरू नयेत म्हणूनच आपण लाद्या बदलल्या, हे मला माहीत आहे.

उद्या मिस्त्री आतली खोली फोडायला येईल, त्याला थांबव. जुनी लादी आता तेवढ्याच खोलीत उरली आहे. गोणी न्यायला डेब्रिजचा टेम्पो आला तर परत पाठव.

आणि क्रॉसजवळून पप्पांच्या चपला घेऊन ये. गोणीपाशीच आहेत, आपल्या दारात ठेवायचे तशा, नीट जोडीने.

टिना