कपाटामागचा ड्रॉइंग बोर्ड

नागपूर, बुधवार, १९ जून १९७४

सुधा इंजिनिअरिंगला जाणार नाही. आज ठरलं. गुण होते, प्रवेश मिळालाच असता. महिनाभर मी तिला कुठल्या कॉलेजची प्रयोगशाळा चांगली, कुठले प्राध्यापक खरंच शिकवतात, ते मुद्देसूद सांगत होते. तिनं गृहविज्ञान घेतलं.

"काहून वं?" मी विचारलं.

"ताई, तुले पाहायले पाहुणे येतात, तं आई तुहा ड्रॉइंग बोर्ड कपाटामागं लपवते. मले नाही शिकायचं असं लपवायचं काही."

आई कांदा चिरत होती. "अन् लपवूनही कुठं जमलं? पोहे देतानाही ही नजरेनं खोली मोजत राहते. पोरापेक्षा हुशार सून कोणाले पाहिजे?"

सुधा हसली. मीही हसले. का हसले?

ऑफिसात माझ्या नकाशांवर पूल उभे राहतात. घरात माझ्याकडे बघून धाकटी बहीण कॉलेज ठरवते. सगळे मुद्दे हिशेबात धरले होते मी, फक्त स्वतःला धरायचं राहिलं.

मागचे पाहुणे रविवारी येऊन गेले. बोर्ड अजून कपाटामागेच आहे. आईनं काढला नाही, हे लिहायला सोपं आहे. मी तरी कुठं काढला?